विसराळू गुप्तहेर आणि त्याचा नट : पीटर फॉक

नटाच्या व्यवसायांत चेहरा हेंच भांडवल, आणि चेहऱ्यांतहि डोळे हें मुद्दल. रंगभूमीवर शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकाला नटाचे डोळे दिसत नाहींत. तेथें आवाज, हातवारे आणि चाल यांवर निभावून जातें. परंतु चित्रपटाचा कॅमेरा नटाच्या अगदीं तोंडापाशीं येऊन उभा राहतो, आणि मग पापणीची हालचालसुद्धां लपवितां येत नाहीं. अशा व्यवसायांत ज्याचा उजवा डोळा कृत्रिम आहे असा मनुष्य शिरूं पाहील, तर शहाणे लोक त्याला कोणता सल्ला देतील हें सांगावयास नको. अमेरिकन नट पीटर फॉक याला तो सल्ला मिळाला होता. त्यानें तो मानला नाहीं; आणि पुढें तोच चेहरा, तीच किंचित् तिरपी नजर, देशोदेशींच्या घरांतून ओळखीची झाली. उणीव झांकून मोठे झालेले नट पुष्कळ सांपडतील. फॉकनें ती उघड्यावर ठेवून तिलाच कामाला लाविलें, आणि लहान दिसण्यांतहि केवढी कला सामावलेली असते हें दाखवून दिलें. तें कसें घडलें, हें त्याच्या चरित्रांत पाहण्यासारखें आहे.

पीटर फॉकचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजीं न्यूयॉर्क शहरांत झाला. बालपण मात्र शहराबाहेर, हडसन नदीच्या कांठच्या ऑसिनिंग या गांवांत गेलें. सिंग सिंग हा अमेरिकेंतील सुप्रसिद्ध तुरुंग याच गांवीं आहे. वडिलांचें कापडचोपडाचें दुकान होतें. मुलगा तीन वर्षांचा असतांना त्याच्या उजव्या डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा नांवाचा कर्करोग आढळला. हा रोग डोळ्याच्या आंतील पडद्यांत उद्भवतो आणि बहुधा लहान मुलांनाच होतो. डोळा राखावा तर प्राणावर बेतावयाचें. म्हणून शस्त्रवैद्यांनीं डोळाच काढून टाकला, आणि तेथें कृत्रिम डोळा बसविला.

अशा मुलाला आईबापांनीं जपून घरांत ठेवावें हें स्वाभाविक. पण पीटर घरांत राहणाऱ्यांतला नव्हता. तो शाळेंत खेळांत पुढें असे. बेसबॉलच्या एका सामन्यांत पंचानें त्याला बाद ठरविलें. निर्णय चुकीचा आहे अशी त्याची खात्री होती. त्यानें शांतपणें आपला कृत्रिम डोळा काढला, आणि याची गरज तुम्हांलाच अधिक दिसते, अशा अर्थाचें बोलून तो पंचापुढें धरला. प्रतिपक्षाचे खेळाडूसुद्धां हंसूं लागले. ही हकीकत फॉक उतारवयांतहि मोठ्या आवडीनें सांगत असे. तिच्यांतला विनोद सोडून दिला तरी एक गोष्ट उरते: ज्या गोष्टीची लाज वाटावी अशी जगाची अपेक्षा, तिचेंच त्या पोरानें हत्यार केलें होतें.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस त्यानें सैन्यांत जाण्याचा प्रयत्न केला. डोळ्यामुळें तेथें प्रवेश मिळणें शक्यच नव्हतें. तेव्हां तो व्यापारी जहाजांवर आचाऱ्याच्या हाताखालीं नोकरीस लागला. त्यानंतर त्यानें महाविद्यालयें बदललीं, कांहीं महिने युगोस्लाव्हियांत रेल्वेच्या कामावर काढले, आणि अखेर सिरॅक्यूज विद्यापीठांतून १९५३ सालीं राज्यकारभार या विषयांतील उच्च पदवी मिळविली. पदवीच्या जोरावर त्याला कनेक्टिकट राज्याच्या अर्थसंकल्प-खात्यांत, हार्टफर्ड या गांवीं, नोकरी मिळाली. कचेऱ्यांचें काम अधिक काटेकोर कसें व्हावें याची पाहणी करणें हें त्याचें काम. कामावर रुजू होण्याच्या पहिल्याच दिवशीं या काटेकोरपणाच्या तज्ञाला आपली कचेरी कोणत्या इमारतींत आहे हेंच सांपडेना, असें तो पुढें स्वतःच लिहून गेला आहे.

दिवसा कचेरी आणि संध्याकाळीं हौशी नाटकमंडळी, असा क्रम सुरू झाला. त्या सुमारास वेस्टपोर्ट येथें इव्हा ल गॅलियेन ही नामवंत अभिनेत्री अभिनयाचा वर्ग चालवीत असे. वर्ग धंदेवाईक नटांसाठीं होता. फॉक त्यांत शिरला तो आपण नट आहोंत असें भासवून. हार्टफर्डहून मोटारीनें यावें लागे, म्हणून त्याला दर वेळीं उशीर होई. एके दिवशीं बाईंनीं कारण विचारलें. हार्टफर्डहून येतों, असें त्यानें सांगितलें. हार्टफर्डला तर नाटकगृह नाहीं, मग तेथें नट पोट कसें भरतो, असा बाईंचा पुढचा प्रश्न. आतां खोटें चालणार नव्हतें. आपण नट नाहीं, सरकारी नोकर आहोंत, अशी कबुली त्यानें दिली. बाईंनीं त्याच्याकडे पाहिलें आणि, मग नट व्हावयास पाहिजे, एवढेंच सांगितलें. त्या एका वाक्यावर त्यानें नोकरीचा राजीनामा दिला. तेव्हां त्याचें वय अठ्ठावीसच्या आसपास होतें. कायमची नोकरी, पदवी आणि निवृत्तिवेतनाची आशा सोडून रंगभूमीच्या बेभरंवशाच्या वाटेला लागणें म्हणजे काय, हें मध्यम स्थितींतील कोणत्याहि कुटुंबाला समजावून सांगण्याची गरज नाहीं.

सुदैवानें आरंभ चांगला झाला. १९५६ सालीं न्यूयॉर्कच्या सर्कल इन द स्क्वेअर या छोट्या नाट्यगृहांत यूजीन ओनील यांचें 'द आइसमन कमेथ' हें नाटक पुन्हां रंगभूमीवर आलें. दिग्दर्शक होते होसे किंतेरो, आणि प्रमुख भूमिका जेसन रोबार्ड्स यांची. त्या नाटकांत फॉकनें दारूच्या गुत्त्यांतील नोकराची भूमिका केली. नाटक फार गाजलें. परंतु चित्रपटाची दारें उघडलीं नाहींत. या डोळ्यानें चित्रपटांत फारशी आशा धरूं नको, असें त्याच्या प्रतिनिधीनेंच त्याला बजावलें होतें. कोलंबिया कंपनीनें त्याची चांचणी घेतली. पण तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळतो, अशा अर्थाचें बोलून कंपनीचे प्रमुख हॅरी कोन यांनीं त्याला परत पाठविलें, असें फॉक पुढें सांगत असे.

हा नकार फार दिवस टिकला नाहीं. १९६० सालच्या 'मर्डर, इन्कॉर्पोरेटेड' या चित्रपटांत त्यानें एब रेलेस या खऱ्याखुऱ्या मारेकऱ्याची भूमिका केली, आणि दुय्यम भूमिकेच्या ऑस्कर पारितोषिकासाठीं त्याचें नांव सुचविलें गेलें. लगेच पुढच्या वर्षीं फ्रँक काप्रा यांच्या 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' या चित्रपटासाठीं पुन्हां तेंच घडलें. पारितोषिक दोन्ही वेळां हुकलें. पण १९६२ सालीं टेलिव्हिजनवरील 'द प्राइस ऑफ टोमॅटोज' या नाटिकेंतील मालमोटारीच्या चालकाच्या भूमिकेनें त्याला पहिलें एमी पारितोषिक मिळवून दिलें. ज्या छोट्या पडद्यानें त्याला प्रथम मान दिला, त्याच पडद्यावर त्याचें खरें कार्य व्हावयाचें होतें.

तें कार्य समजण्यासाठीं गुप्तहेरकथेची घडण थोडी पाहिली पाहिजे. अशा कथेचा एक ठरीव सांचा असतो. आरंभीं प्रेत सांपडतें, मग संशयितांची रांग उभी राहते, आणि शेवटच्या पानावर गुन्हेगाराचें नांव उघड होतें. खून कोणीं केला, या एका प्रश्नावर सारी इमारत उभी असते. रिचर्ड लेव्हिन्सन आणि विल्यम लिंक या दोन लेखकमित्रांनीं हा सांचा उलटा केला. त्यांच्या कथेंत खून प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. खुनी कोण, त्यानें काय योजना केली, पुरावा कसा नाहींसा केला, हें सारें पहिल्या कांहीं मिनिटांतच कळतें. मग येतो तपास करणारा पोलीस अधिकारी, लेफ्टनंट कोलंबो. आणि प्रश्न उरतो तो एवढाच, कीं इतक्या निर्दोष योजनेंतील चूक याला सांपडणार कशी? ही तऱ्हा अगदींच नवी नव्हती. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकानें १९१२ सालच्या आपल्या कथासंग्रहांत ती योजिली होती. आणि कोलंबोच्या जनकांनीं आपलें ऋण मानलें तें डोस्टोव्हस्कीच्या 'गुन्हा आणि शिक्षा' या कादंबरींतील पोर्फिरी पेत्रोविच या तपास-अधिकाऱ्याचें.

परंतु या उलट्या सांच्यांत एक मोठी अडचण आहे. खुनी कोण हें रहस्यच उरलें नाहीं, तर दीड-दोन तास प्रेक्षकाला खुर्चींत धरून ठेवावयाचें कोणीं? तें काम नटावर येऊन पडतें. १९६० सालीं टेलिव्हिजनवर कोलंबो प्रथम आला तो बर्ट फ्रीड या नटाच्या रूपानें. १९६२ सालीं रंगभूमीवर ती भूमिका वयोवृद्ध टॉमस मिचेल यांनीं केली. १९६८ सालीं त्याच नाटकावरून 'प्रिस्क्रिप्शन : मर्डर' हा टेलिव्हिजन-चित्रपट करावयाचें ठरलें, तेव्हां लेखकांच्या मनांत ली कॉब आणि बिंग क्रॉस्बी हीं नांवें होतीं. तें जुळलें नाहीं, आणि भूमिका चाळीस वर्षांच्या फॉककडे आली. १९७१ सालीं 'रॅन्सम फॉर अ डेड मॅन' हा दुसरा चित्रपट निघाला, आणि त्याच वर्षीं १५ सप्टेंबरला मालिका रीतसर सुरू झाली. त्या दिवशींच्या 'मर्डर बाय द बुक' या भागाचा दिग्दर्शक होता एक चोवीस वर्षांचा तरुण, स्टीव्हन स्पीलबर्ग.

कोलंबोचा वेष फॉकनें स्वतः ठरविला. कंपनीच्या कपडेपटांतील पोषाख त्याला पसंत पडेना. न्यूयॉर्कमध्यें एकदां पावसांत सांपडला असतांना घेतलेला एक साधा रेनकोट त्याच्या कपाटांत होता. तो त्यानें आणला आणि अंगावर चढविला. मोटारहि त्यानेंच निवडली: कंपनीच्या आवारांत पडलेली एक जुनाट, फ्रेंच बनावटीची प्यूजो. लॉस एंजेलिसच्या कोरड्या उन्हांत चुरगळलेला रेनकोट घालून, हातांत विझत आलेली सिगार घेऊन, खिशांत पेन्सिल शोधीत हा अधिकारी श्रीमंतांच्या प्रासादतुल्य बंगल्यांत शिरतो. खुनी असतो एखादा निष्णात शस्त्रवैद्य, वाद्यवृंदाचा संचालक, लोकप्रिय कादंबरीकार, नाहीं तर बुद्धिबळाचा अव्वल खेळाडू. तो या गबाळ्या माणसाकडे एकदां पाहतो आणि निर्धास्त होतो. कोलंबो बायकोच्या गोष्टी सांगतो (ही बायको या मालिकेंत कधींच दिसत नाहीं), घरांतील वस्तूंची तारीफ करतो, वेळ घेतल्याबद्दल क्षमा मागतो आणि जावयास निघतो. दार उघडतो. खुनी सुटकेचा श्वास टाकतो. तोंच कोलंबो उंबऱ्यावरून मागें वळतो: एक बारीकशी गोष्ट विचारावयाची राहिलीच!

या लकबेचा जन्महि मौजेचा आहे. नाटक लिहितांना एक प्रवेश आंखूड झाला, आणि कोलंबो तर बाहेर निघून गेलेला. सगळीं पानें पुन्हां टंकलिखित करण्याचा लेखकांना कंटाळा आला. म्हणून त्यांनीं त्याला परत आंत आणून आणखी एक प्रश्न विचारावयास लाविलें. लेखकांच्या आळसांतून जी युक्ति निघाली, तिला फॉकनें शास्त्राचें रूप दिलें. मनुष्य सर्वांत बेसावध केव्हां असतो? संकट पाठमोरें झालें कीं त्याच क्षणीं. कोलंबो बरोबर तोच क्षण गांठतो. चित्रीकरण चालूं असतांना फॉक कधीं कधीं संहितेंत नसलेली शोधाशोध करी, खिसे चांचपी, भलतीच वस्तु उचलून पाही. समोरचा नट खरोखरीच गोंधळे, चिडे. आणि तो खरा वैताग कॅमेऱ्यांत उतरे. आतां तो डोळाहि उपयोगीं पडला. मान किंचित् कलती, एक भुवई आंखडलेली, नजर कोठें आहे याचा नीट थांग लागत नाहीं. हा आपल्याकडे पाहतो आहे कीं मागच्या कपाटाकडे, हें खुन्याला कळत नाहीं. हॅरी कोन यांनीं जी गोष्ट वजा धरली, ती येथें जमेच्या बाजूला आली.

मात्र केवळ फसवणूक एवढेंच कोलंबोचें मर्म असतें, तर प्रेक्षकांना त्याचा लौकरच वीट आला असता. १९७३ सालचा 'एनी ओल्ड पोर्ट इन अ स्टॉर्म' हा भाग या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. डोनाल्ड प्लेझन्स यांनीं त्यांत द्राक्षमद्य तयार करणाऱ्या एका रसिकाची भूमिका केली आहे. सावत्र भाऊ मद्याचा कारखाना विकावयास निघतो, म्हणून रागाच्या भरांत हा त्याला जखमी करतो आणि तळघरांत कोंडून मरूं देतो. कोलंबो मद्याविषयींचें ज्ञान मिळवून त्याला पकडतो. पण त्या काळांत दोघांना परस्परांविषयीं खरा आदर उत्पन्न होतो, आणि अखेरीस दोघे एकत्र बसून एका बाटलींतील मद्य वांटून घेतात. अपराधाला क्षमा नाहीं. अपराध्याचा अपमानहि नाहीं. कोलंबो हात उगारीत नाहीं, पिस्तुलाला हात लावीत नाहीं, विजयाचा उन्माद दाखवीत नाहीं. त्याचें सामर्थ्य एवढेंच, कीं त्याला लहान गोष्टी दिसतात आणि तो कंटाळत नाहीं. सत्ता, पैसा आणि विद्वत्ता यांच्यापुढें संकोचून उभा राहणारा सामान्य पगारदार मनुष्य अखेर खरा ठरतो, हें पाहण्यांत कोणत्याहि देशांतील सामान्य माणसाला समाधान वाटावें यांत आश्चर्य नाहीं. हार्टफर्डच्या कचेरींतील तीं वर्षें वायां गेलीं नव्हतीं, असेंच म्हणावें लागेल.

मालिका १९७८ पर्यंत एका वाहिनीवर, आणि पुढें १९८९ ते २००३ या काळांत दुसऱ्या वाहिनीवर चालली. एकंदर ६९ भाग झाले. या भूमिकेसाठीं फॉकला १९७२, १९७५, १९७६ आणि १९९० या सालीं एमी पारितोषिक मिळालें. पूर्वीचें एक धरून पांच. हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें २०१४ सालीं कोलंबोचा पुतळा उभारण्यांत आला. रेनकोट घातलेली ती आकृति डोकें खाजवीत उभी आहे, आणि पायांशीं त्याचा आळशी कुत्रा बसलेला आहे.

एवढी कीर्ति नटाला घातकहि ठरते. प्रेक्षक एका रूपाला इतके सरावतात, कीं नटाला दुसरें कांहीं करूं देत नाहींत. फॉकपुढें हा धोका होताच. त्यानें त्यावर दोन उपाय केले. मालिकेचे भाग वर्षाकांठीं मोजकेच निघत. उरलेल्या वेळांत तो रंगभूमीकडे आणि चित्रपटाकडे वळे. १९७१ सालीं नील सायमन यांच्या 'द प्रिझनर ऑफ सेकंड ॲव्हेन्यू' या नाटकांत त्यानें ब्रॉडवेवर प्रमुख भूमिका केली. दुसरा उपाय म्हणजे त्याची जॉन कॅसाव्हेटीस या दिग्दर्शकाशीं मैत्री. कॅसाव्हेटीस मोठ्या कंपन्यांच्या बाहेर राहून, मित्रांना जमवून, पदरमोड करून चित्रपट काढीत. १९७० सालच्या 'हजबंड्स' मध्यें फॉकनें त्यांच्याबरोबर काम केलें. पुढें 'अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स' या चित्रपटाला पैसे मिळेनात, तेव्हां फॉकनें टेलिव्हिजनवर कमावलेला स्वतःचा पैसा त्यांत घातला. १९७४ सालीं निघालेल्या या चित्रपटांत मनाचा तोल ढळूं लागलेल्या पत्नीची भूमिका जेना रोलंड्स यांनीं केली, आणि तिच्यावर जीव असूनहि तिला समजूं न शकणाऱ्या, हात उगारणाऱ्या मजूर पतीची भूमिका फॉकनें. कोलंबोची सौम्यता येथें नांवालाहि नाहीं. १९९० सालीं अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचींत जतन करण्यासाठीं या चित्रपटाची निवड झाली. रेनकोटानें मिळविलेलें धन असें एका चिरस्थायी कलाकृतीच्या कामीं आलें.

१९८७ सालीं जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्स यांनीं त्याला बर्लिनला बोलाविलें. 'विंग्ज ऑफ डिझायर' या चित्रपटांत अदृश्य देवदूत विभागलेल्या बर्लिन शहरांतून हिंडतात आणि माणसांच्या मनांतील विचार ऐकतात. फॉकला त्यांत भूमिका दिली ती पीटर फॉक याचीच. रस्त्यांतील पोरें त्याला कोलंबो म्हणून ओळखतात. पण प्रेक्षकांना पुढें कळतें, कीं हाहि पूर्वीं देवदूतच होता, आणि गरम कॉफी पिण्याचें, थंडींत हात चोळण्याचें, कागदावर रेघ ओढण्याचें सुख मिळावें म्हणून त्यानें अमरत्व सोडलें. फॉकला चित्रें काढण्याचा खरोखरीच छंद होता, आणि पडद्यावरहि तो चित्रें काढतांना दिसतो. त्याच वर्षीं 'द प्रिन्सेस ब्राइड' या चित्रपटांत आजारी नातवाला पुस्तक वाचून दाखविणारा आजोबाहि त्यानें केला. मारेकरी, मजूर, देवदूत, आजोबा: एका डोळ्याच्या त्या चेहऱ्याला एवढीं रूपें पुरीं झालीं.

त्याचें आत्मचरित्र २००६ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्याला त्यानें कोलंबोच्या त्या उंबऱ्यावरच्या वाक्याचेंच नांव दिलें. पुढें थोड्याच वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाच्या अल्झायमर व्याधीनें गांठलें. आयुष्यभर ज्यानें विसरण्याचें सोंग इतकें हुबेहूब वठविलें, त्याच्या वांट्याला अखेरीस खरें विसरणें यावें, ही दैवाची थट्टा मोठी क्रूर म्हटली पाहिजे. २३ जून २०११ रोजीं कॅलिफोर्नियांतील बेव्हर्ली हिल्स येथें राहत्या घरीं वयाच्या ८३ व्या वर्षीं त्याचें देहावसान झालें.

त्याच्या पश्चात् राहिलें तें एक चित्र. प्रशस्त बंगल्याचें दार, सुटकेचा श्वास टाकणारा एक थोर गृहस्थ, आणि पाठमोरा निघालेला एक गबाळा मनुष्य. कॅमेऱ्याला दोन डोळे हवेत असें सांगणाऱ्यांनीं हिशेब करतांना एक गोष्ट विचारांत घेतली नाहीं: प्रेक्षक नटाचे डोळे मोजावयास येत नाहींत; त्या डोळ्यांना काय दिसतें, तें पाहावयास येतात. आणि त्या गबाळ्या मनुष्याला इतरांच्या नजरेंतून निसटलेली ती एक बारीक गोष्ट दिसलेली असते. तो आतां वळणार, हें प्रेक्षकांना ठाऊक असतें. तरीहि ते श्वास रोखून वाट पाहतात.